खाऱ्या वाऱ्याने कवळीही गंजेल का?

प्रश्न : आमचे घर मालवणला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खिडक्यांचे गज कितीही रंगवले तरी गंजतात. गेल्या पावसाळ्यात एक गज भिंतीत शिरतो तिथेच तुटून हातात आला. दोन वर्षांपूर्वी मी खालच्या दातांसाठी कोबाल्ट-क्रोमियमचा सांगाडा असलेली काढता-घालता येणारी कवळी करून घेतली. हल्ली तिच्या एका हुकाच्या आतल्या बाजूस काळसर डाग दिसतो. जेवणात सोलकढी आणि सुकी मासळी नेहमीची. रात्री कवळी ब्लीच घातलेल्या पाण्यात ठेवतो. ही कवळीही गजांसारखी गंजणार का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : खाऱ्या वाऱ्याला या बाबतीत दोष देता येणार नाही. लोखंडावर चढणारा गंज सच्छिद्र असतो, त्यामुळे त्याखालचे लोखंड उघडेच राहते आणि झिजत जाते. आपल्या कवळीच्या मिश्रधातूत साधारणपणे ६० टक्के कोबाल्ट, २५ ते ३० टक्के क्रोमियम आणि ५ ते ६ टक्के मॉलिब्डेनम असते. त्यातील क्रोमियमचा प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा घट्ट थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी प्राणवायू मिळताच तो पुन्हा भरून येतो.

हा प्राणवायू जिथे पोहोचत नाही, तिथेच खरी अडचण सुरू होते. आपला गज मध्यावर न तुटता भिंतीत शिरतो तिथे तुटला, हे आपण नेमके टिपले आहे. होडीवरचा स्टेनलेस स्टीलचा बोल्टही वरून लखलखीत दिसतो आणि वॉशरखाली खाल्लेला निघतो. हुक आणि दात यांच्यामधली फट तशीच असते : तिथे अन्नकण आणि जिवाणूंचा थर साचतो, आम्ल तयार होते, लाळेतील क्लोराइड साठून राहते आणि संरक्षक थराला पुन्हा सांधायला प्राणवायू पुरत नाही. लाळ समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी कमी खारट असली, तरी ती धातूला दिवसभर भिजवत असते.

ब्लीचचे वाचून मात्र मी थबकलो. त्यातील सोडियम हायपोक्लोराइट या मिश्रधातूचा संरक्षक थर मोडते, धातू काळवंडते आणि त्यावर बारीक खड्डेही पडू शकतात. माझा पहिला संशय त्यावरच आहे. ते आजपासून बंद करावे. प्रत्येक जेवणानंतर कवळी धुवावी, मऊ ब्रशने व सौम्य साबणाने हुकांच्या आतली बाजू घासावी आणि रात्री साध्या पाण्यात ठेवावी. भांड्यांची तारेची घासणी कदापि वापरू नये. डाग नखाला गुळगुळीत लागला, तर तो बहुधा पृष्ठभागापुरताच असेल. खरखरीत लागला, तर दंतवैद्यांना दाखवून हूक तपासून घ्यावा, कारण खड्डा पडलेला हूक वाकताना तिथेच मोडतो.

तो हूक ज्या दातावर बसतो त्यात चांदी भरलेली आहे का, हेही विचारावे. दोन वेगळे धातू लाळेत एकमेकांना टेकले की त्यांची लहानशी बॅटरी होते आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताचा तुकडा लावतात तो याच तत्त्वावर : पंखा वाचावा म्हणून जस्त झिजू द्यायचे. तोंडात असा बळी देण्याजोगा धातू आपण मुद्दाम ठेवत नाही.

सोलकढीची चिंता नको. कोकमाचे आम्ल तोंडात क्षणभरच टिकते. मिश्रधातूंची आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचणी याहून पुष्कळ कठोर असते : नमुना लॅक्टिक आम्ल आणि मिठाच्या द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला ७ दिवस ठेवतात, आणि त्यातून दर चौरस सेंटिमीटरमागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक धातू सुटता कामा नये.

घरात कोणाचे कान खोट्या दागिन्यांनी चिघळत असतील आणि त्यांना कॅप बसवायची असेल, तर दंतवैद्यांना ते आधीच सांगावे. ही बहुधा निकेलची ॲलर्जी असते आणि स्वस्त धातूच्या कॅप पुष्कळदा निकेल-क्रोमियमच्या असतात.