डोक्यातला पसारा कसा आवरायचा?

प्रश्न: ताई, मिनिमलिझमचं, म्हणजे कमीत कमी पसाऱ्यात राहण्याचं, वाचून मी कपाट, ड्रॉवर, फोनमधले फोटो सगळं आवरलं आणि खरंच मोकळं वाटलं. पण डोकं मात्र होतं तसंच भरलेलं आहे. सकाळी मेडिटेशन, मग डायरी, मग भाषा शिकायचं अ‍ॅप, दोन ऑनलाइन कोर्स अर्धवट, पॉडकास्टची रांग वाढतेय, आणि यातलं एखादं जरी राहिलं तरी दिवसभर अपराधी वाटतं. त्यात कुणी काही बोललं की तेच दिवसभर डोक्यात घोळत राहतं. कपाटातलं काढलं तसं मनातलं काढून टाकता येतं का? आणि कमी केलं तर मी मागे पडेन का?
– एक वाचक

उत्तर: आधी तेवढं ‘काढून टाकता येतं का’ बघू, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात आणि मग स्वतःलाच कमकुवत समजायला लागतात. विचार कपड्यांसारखा उचलून बाहेर ठेवता येत नाही. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली, आणि नंतर जेव्हा ‘आता खुशाल करा विचार’ असं सांगितलं तेव्हा याच लोकांच्या डोक्यात अस्वल जास्त आलं, पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त. त्यामुळे ‘मला निगेटिव्ह विचार नकोत’ असा निर्धार रोज सकाळी करत असाल तर तो आजच सोडून द्या.

विचार नाही काढता येत, पण ते जिथून येतात ती अर्धवट कामं कमी करता येतात. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात दुःख कमी आणि स्वतःला दिलेले शब्दच जास्त आहेत. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांचं २०११ चं संशोधन मला इथे फार कामाचं वाटतं. अपुरं राहिलेलं काम दुसरं काही करताना मध्ये मध्ये डोकं वर काढतं हे त्यांना दिसलंच, पण ते काम कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत लोकांनी ठरवला की त्रास कमी झाला, काम पूर्ण झालेलं नसतानाही!

म्हणून एक कागद घ्या आणि ‘करायचंय’ म्हणून जे जे मनात आहे ते सगळं लिहून काढा, लाज वाटणारं पण लिहा. मग एकेका ओळीवर थांबा. समजा ‘नवीन भाषा शिकायची’ असं लिहिलंय, तर तो बेत नाहीये, ती नुसती इच्छा आहे. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री जेवण झालं की वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, पुढचा धडा’ हा झाला बेत. असं लिहिताना हात अडखळला, वार सापडेना, वेळ सापडेना, तर ती गोष्ट सध्या तुमची नाहीये. तिच्यावर रेघ मारा आणि रेघ नुसती कागदावर नको, अ‍ॅप काढा, नोटिफिकेशन बंद करा, कोर्सचे मेल अनसबस्क्राइब करा, नाहीतर रोज सकाळी तेच काम पुन्हा तुमच्यासमोर येऊन उभं राहणार.

हे जड जाईल, आणि त्यात तुमचा दोष नाही. काही सुधारायचं म्हटलं की माणसाला आधी काहीतरी जोडायचंच सुचतं. २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत याच्यावर एक संशोधन आलं होतं, लेगोचे ठोकळे, निबंध, प्रवासाचा कार्यक्रम असं काय काय लोकांना सुधारायला दिलं, तर काही काढून टाकूनही ते सुधारता येईल हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नव्हतं, कुणी आठवण करून दिली की मग यायचं. पर्सनल ग्रोथचंही तेच झालंय, झोप येत नाही? अजून एक अ‍ॅप घ्या!

मागे पडण्याच्या भीतीबद्दल. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात ९६ जण होते आणि प्रत्येकाने सवय निवडली होती एकच. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणजे एकाच सवयीला कित्येक महिने लागू शकतात आणि तुम्ही पाच एकदम धरून बसलाय. आणखी एक, मधला एखादा दिवस चुकल्याने त्या लोकांचं फारसं काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे दिवसभर अपराधी वाटून घ्यायचं कारणच नाही. तुमच्या यादीतलं मी एकच ठेवलं असतं, जे कुणाला कधीच कळलं नाही तरी तुम्ही आवडीने कराल ते.

आता डोक्यात घोळणारं बोलणं. त्याला बंदी घालू नका, वेळ द्या. मानसशास्त्रज्ञ बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये काळजी करणाऱ्यांवर हे करून बघितलं होतं, रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास काळजीसाठीच, आणि एरवी विचार आला की तो त्या अर्ध्या तासावर ढकलायचा. झोपायच्या तोंडावर मात्र ही वेळ ठेवू नका. आणि हे करूनही झोप उडालेली असेल, कामात लक्ष लागत नसेल, असेच आठवडे चालले असतील तर कौन्सेलरकडे जा, प्लीज एकट्याने ओढत बसू नका.

प्रश्न: मिनिमलिझम म्हणून निगेटिव्ह माणसांनाही आयुष्यातून कमी करावं का? एक मैत्रीण सतत रडगाणं गाते.
– दुसरी वाचक

उत्तर: जी अपमान करते, घाबरवते, तिच्यापासून लांब व्हा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण रडगाणं गाणारी मैत्रीण बहुतेक अडचणीत असते, तिला पसाऱ्यात मोजणं मला पटत नाही. रोजचे मेसेज जड होत असतील तर तसं तिला स्पष्ट सांगा, आठवड्यातून एकदा निवांत फोन ठरवा आणि त्या वेळी नीट ऐका.