पायांतलं रक्त वर कोण आणतं?

या महिन्यात हृदय आणि रक्ताभिसरणाबद्दलची पत्रं बरीच आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. मी तीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आणि वर्गात कोणी तरी हा प्रश्न विचारावा म्हणून दरवर्षी वाट पाहिली.

प्रश्न : माझं काम दिवसभर उभ्यानं असतं. संध्याकाळी पाय भरून येतात, मोज्याच्या कडेचा वळ घोट्यावर उठलेला दिसतो. डॉक्टरांनी तपासण्या करून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं. बाई, हृदय रक्त खाली ढकलतं हे कळलं. पण पावलापर्यंत गेलेलं रक्त परत छातीपर्यंत वर चढतं कसं? तिथे तर दुसरं हृदय नाही.

उत्तर : विद्यार्थी हृदयाचे चार कप्पे घडाघडा म्हणून दाखवायचे. रक्त कुठून येतं, कुठे जातं, सगळं तोंडपाठ. पण ते कशामुळे येतं, इथे गाडी अडायची.

आधी हिशेब पाहू. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत टाकतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर झालं जवळजवळ ५ लिटर. आता अंगात एकूण रक्त किती? तेही ५ लिटरच्या आसपासच. म्हणजे अंगातल्या सगळ्या रक्ताएवढं रक्त दर मिनिटाला हृदयातून बाहेर पडतं, आणि तेवढंच दर मिनिटाला परत यावं लागतं. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानं १६२८ साली छापलेल्या ग्रंथात नेमका हाच गुणाकार मांडला. तोवर समजूत अशी होती, की यकृत अन्नापासून रक्त बनवतं आणि अवयव ते वापरून संपवतात. हार्वेनं एका ठोक्याचं रक्त मुद्दाम अगदी कमी धरलं, तरी अर्ध्या तासाचा आकडा अंगातल्या सगळ्या रक्ताच्या पुढे गेला. एवढं रक्त नव्यानं बनणं शक्यच नाही, तेव्हा तेच ते फिरत असणार. धमनीतून शिरेत ते जातं कुठून, हे मात्र त्याला दिसलं नाही. तो १६५७ मध्ये गेला. पुढे १६६१ मध्ये मालपिगी या इटालियन वैद्यानं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या, म्हणजे धमनी आणि शीर जोडणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या, पाहिल्या.

आता तुमचे पाय. डाव्या कप्प्यातून रक्त निघतं तेव्हा दाब असतो १२० च्या घरात, रक्तदाबाच्या नेहमीच्या मापात. बारीक धमन्या आणि केशवाहिन्या पार करून शिरेत पोचेपर्यंत त्यातला १०-१५ उरतो. एवढ्याशा रेट्यावर ते चार फूट वर कसं चढणार, असं वाटतं. पण पाणी भरलेली एक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून धरा. एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूच्या पाण्याला तोलून धरतं, आणि थोडा रेटासुद्धा पाणी सरकवायला पुरतो. उतरणाऱ्या धमनीतलं रक्त आणि चढणाऱ्या शिरेतलं रक्त यांचंही तसंच आहे.

मग पाय का भरून येतात? कारण शिरा काचेच्या नळीसारख्या ताठ नसतात. त्यांची भिंत पातळ आणि सैल, भार पडला की फुगणारी. स्तब्ध उभं राहिलं की वरच्या सगळ्या रक्ताच्या भारानं घोट्याच्या शिरेतला दाब ९० पर्यंत जातो. शिरा ताणतात, रक्त त्यांत साचतं आणि केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं. तुमच्या घोट्यावर मोज्याचा वळ उठतो तो याच पाण्यामुळे.

यावरचा उपाय शरीरानं पोटरीत ठेवला आहे. पायांच्या शिरांमध्ये ठरावीक अंतरावर झडपा असतात, वर जाऊ देणाऱ्या आणि खाली येऊ न देणाऱ्या. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतली शीर पिळली जाते आणि रक्ताला वर जाण्याशिवाय वाट राहत नाही. नीट चालायला लागल्यावर घोट्यातला तोच ९० चा दाब ३० च्याही खाली उतरतो. तेव्हा दुसरं हृदय नाही असं तुम्ही लिहिलंत खरं, पण तुमच्या दोन पोटऱ्या जवळपास तेच काम करतात. श्वासाचाही हातभार लागतो. श्वास आत घेतला की छातीतला दाब कमी होतो, पोटातला वाढतो, आणि रक्त वर ओढलं जातं.

या झडपा तुम्हाला स्वतःच्या हातावर पाहता येतील. हार्वेच्या पुस्तकातल्या चित्रांत हाच प्रयोग आहे. हात खाली सोडा आणि कोपराच्या वर एखादा रुमाल बेताचा आवळा. हातावर शिरा उठतील, त्यांत मधेमधे बारीक गाठी दिसतील. एका गाठीच्या मनगटाकडच्या बाजूला, दोन-तीन बोटं अंतरावर, एक बोट शिरेवर दाबून धरा. दुसऱ्या बोटानं तिथून कोपराच्या दिशेनं, गाठीच्या पलीकडेपर्यंत, रक्त निपटून काढा. मग दुसरं बोट उचला. गाठीपर्यंतचा तुकडा रिकामाच राहील. वरचं रक्त गाठीपाशी येऊन थांबलेलं दिसेल, खाली ढकललंत तरी उतरणार नाही. आता मनगटाकडचं बोट उचला. शीर खालून झर्रकन भरेल. झाल्यावर रुमाल लगेच सोडा. इटलीतल्या पडुआला हार्वेचे गुरू असलेल्या फॅब्रिशियसनं ही 'इवलाली दारं' आधीच वर्णिली होती. पण रक्ताचा वेग कमी करून ते खाली साचू न देण्यासाठी ती असावीत, असा त्याचा समज होता. दार कोणत्या बाजूला उघडतं, याचा अर्थ शिष्यानं लावला.

परतीचं रक्त घटलं तर काय होतं, हे मी एकदा डोळ्यांदेखत पाहिलं आहे. तोंडी परीक्षेत एक विद्यार्थिनी टेबलासमोर ताठ उभी होती. वीस मिनिटं तिनं पाय हलवला नसेल. बोलता बोलता ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला आणि ती कोसळली. एकानं तिला खुर्चीत बसवायला धरलं. मी म्हटलं, बसवू नका, आडवीच राहू द्या. पाय उचलून स्टुलावर ठेवले. मिनिटभरात गालांवर रंग आला आणि तिनं उत्तर पुरं करू का, असं विचारलं. तिच्या हृदयात काहीच खोट नव्हती. उभं राहिलं की जवळपास अर्धा लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे सरकतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमधली दाबाची जाणीव एरवी लगेच ठोके वाढवून, रक्तवाहिन्या आवळून ते सांभाळून घेते. त्या दिवशी तो तोल सुटला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हृदय म्हणजे पोहरा. आड भरत राहायला हवा.

तेव्हा उभ्याउभ्याच दर काही मिनिटांनी टाचा उचलून पंधरा-वीस वेळा वरखाली करा. मी स्वतः तास घेताना टेबलामागे हेच करत असे. जमेल तेव्हा चार पावलं चाला, घरी गेल्यावर पाय उशीवर उंच ठेवून पडा. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर मात्र घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शिरेत गुठळी झालेली असू शकते.

प्रश्न : हातावरच्या शिरा निळ्या दिसतात. त्यांतलं अशुद्ध रक्त निळं असतं का?

उत्तर : नाही. माणसाचं रक्त कधीच निळं नसतं. शिरेतलं गडद लाल असतं. तपासणीसाठी रक्त काढताना सिरिंजमध्ये पाहा. त्वचेतून आत जाऊन डोळ्यांपर्यंत परतणाऱ्या प्रकाशात शिरेच्या जागी लाल कमी पडतो, म्हणून तिथे निळसर भास होतो. आणि 'अशुद्ध' हा शब्द आता सोडून देऊ. त्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, इतकंच. तेही निम्म्याहून जास्त शिल्लकच असतो.

प्रश्न : वडिलांच्या हृदयाच्या झडपेतून 'थोडी गळती' असल्याचं इकोमध्ये आलं. या झडपा कोणाच्या हुकमानं उघडतात आणि मिटतात?

उत्तर : कोणाच्याच नाही. झडपेला स्वतःचा स्नायू नसतो. मागून दाब वाढला की ती उघडते, पुढून वाढला की मिटते, वाऱ्यानं दार लागावं तशी. आपण ऐकतो ते ठोके म्हणजे मिटण्याचे आवाज. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटल्या की लब्, बाहेर जाणाऱ्या वाटांवरच्या दोन मिटल्या की डब्.

मी पहिल्यांदा माणसाचं हृदय हातात घेतलं तेव्हा मुठीएवढा तो गोळा अपेक्षेपेक्षा जड लागला. डावा खालचा कप्पा चिरून उघडला. भिंत जवळपास बोटाएवढी जाड, उजवीच्या तिप्पट. आत झडपेच्या पातळ पडद्यांना खालून पांढरे दोरे बांधलेले होते, शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक. मी एक ओढून पाहिला, तुटला नाही. छत्रीच्या काड्या कापड धरून ठेवतात तसे हे दोरे पडद्यांना वरच्या कप्प्यात उलटू देत नाहीत. दोऱ्यांच्या बुडाशी छोटे स्नायू असतात. कप्पा आवळला की तेही आवळतात, म्हणून दोरे सैल पडत नाहीत.

पडदे नीट जुळले नाहीत की थोडं रक्त मागे फिरतं. त्याचीच सुरसुर डॉक्टर स्टेथोस्कोपमधून ऐकतात. अगदी किरकोळ गळती निरोगी माणसांच्या इकोतही पुष्कळदा दिसते. वडिलांची कोणत्या झडपेतून आहे, किती आहे आणि पुढची तपासणी कधी, हे तीन प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : मी आठवीत आहे. हृदय जन्मभर चालतं, तर ते दमत कसं नाही? विश्रांती कधी घेतं?

उत्तर : बाळा, ते दर ठोक्याला विश्रांती घेतं. मिनिटाला ७५ ठोके धर. एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळाले. त्यांतले ०.३ सेकंद खालचे कप्पे आवळतात, उरलेले ०.५ सेकंद सैल पडून भरत असतात. दिवसाचा हिशेब केलास तर काम ९ तास, सैल १५ तास. हृदय स्वतःचं पोटही तेव्हाच भरतं. स्वतःला लागणारं रक्त ते आतून शोषत नाही, त्यासाठी बाहेरून वेगळ्या धमन्या येतात. डाव्या कप्प्याची भिंत आवळलेली असताना आतल्या वाहिन्या चिमटतात. भिंत सैल पडली की त्या खुल्या होतात. तू पळतेस तेव्हा ठोके वाढतात आणि कात्री लागते ती मुख्यतः या सैल वेळेला.

आणि हृदयाला 'चल' म्हणून कोणी सांगावं लागत नाही. आमच्या शिक्षणात तेव्हा बेडकावर प्रयोग असत. बाहेर काढलेलं हृदय खारट द्रावणाच्या बशीत एकटंच धडधडत राहायचं, ना मेंदू, ना मज्जातंतू. मी कितीदा तरी त्या बशीपाशी नुसतीच उभी राहिले आहे. माणसाच्या हृदयात ही चाल उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीतल्या एका लहानशा पेशीपुंजातून येते. मज्जातंतू त्याचा वेग फक्त कमीजास्त करतात. १९०७ मध्ये तो पुंज जगापुढे मांडला आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी. चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या, जमीन पोखरणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयात तो आधी फ्लॅकला दिसला, आणि फ्लॅक तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत, की नाडी पाहताना 'हृदयातून नुकतंच निघालेलं रक्त बोटाखालून जातं'. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, ती माझी चूक आहे. तुम्ही विचारलंत म्हणून ती दुरुस्त करता आली. बोटाला लागते ती रक्ताची नव्हे, दाबाची लाट. रांगेत शेवटच्या माणसानं धक्का दिला की पहिला लगेच पुढे झुकतो, पण शेवटचा माणूस असतो आपल्याच जागी. ही लाट धमनीच्या भिंतीतून सेकंदाला काही मीटर वेगानं धावते आणि क्षणात मनगटाशी पोचते. खुद्द रक्त महाधमनीतही सरासरीनं सेकंदाला वीसेक सेंटिमीटर एवढंच सरकतं, त्याला मनगट गाठायला आणखी काही ठोके लागतात.

पुढे तर ते फारच मंदावतं. केशवाहिनीत सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा नाही. एकेक केशवाहिनी महाधमनीच्या मानाने नगण्य, पण सगळ्यांची रुंदी मिळून तिच्या कित्येक पट होते. नदी पसरट झाली की पाणी संथ होतं, तसं. लाल पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. कित्येक केशवाहिन्या त्याहून अरुंद, म्हणून पेशी अंग दुमडून, एकामागे एक जातात. केशवाहिनीची लांबी जेमतेम मिलिमीटरभर. तेवढ्या एक-दोन सेकंदांत ऑक्सिजन उतरवायचा आणि कार्बन डायऑक्साइड उचलायचा. पलीकडे बारीक शीर सुरू होते, आणि पायातली असेल तर पहिल्या पत्रातल्या पोटरीची वाट.