तंत्रसल्ला : १६,००० रुपयांत कोणते ग्राफिक्स कार्ड?

प्रश्न : एका कार्यालयाने काढून टाकलेला, अरुंद कॅबिनेटचा संगणक आम्ही घरी वापरतो. त्यात चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम आणि २५५ वॅटचा पॉवर सप्लाय आहे. मॉनिटर १०८० पी आहे, पण त्याला फक्त व्हीजीए जोडणी आहे. बारावी झालेल्या मुलीला सुट्टीत जीटीए ५ आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळायचे आहे. ग्राफिक्स कार्डासाठी आम्ही १६,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. म्हापशातील एका दुकानदाराने ४ जीबीचे जीटी ७३० सुचवले, तर पणजीत आम्हाला आरटीएक्स ३०५० घ्या असे सांगण्यात आले. किमतींत फार तफावत आहे. काय घ्यावे?
— एक पालक, डिचोली

उत्तर : जीटी ७३० कृपया घेऊ नका. हे कार्ड २०१४ सालचे आहे आणि २०२१ नंतर त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुकूल ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) येणे थांबले. त्यावरील ‘४ जीबी’ हा आकडा ग्राहकाला भुलवतो, कारण त्या आवृत्तीत सहसा जुनी डीडीआर३ मेमरी असते आणि तिच्यातून सेकंदाला साधारण १५ ते ३० गीगाबाइट एवढीच माहिती ये-जा करू शकते. आपल्या प्रोसेसरमध्येच जे अंगभूत ग्राफिक्स आहे, त्याला दोन रॅम जोडीने लावल्या तर जवळपास तेवढाच वेग मिळतो. टाकी मोठी आणि नळ बारीक, अशी त्या कार्डाची अवस्था आहे. स्वस्त म्हणून घेतलेले हे कार्ड चार दिवसांत निरुपयोगी वाटू लागते आणि ते पैसे वाया जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण असे कार्ड बहुधा बेताचे पैसे असलेल्या घरांच्याच गळ्यात मारले जाते.

आरटीएक्स ३०५० ही सूचना बरोबर आहे, मात्र या एकाच नावाने दोन वेगळी कार्डे विकली जातात. २०२२ मध्ये आलेल्या ८ जीबीच्या कार्डाला १३० वॅट लागतात आणि पॉवर सप्लायमधून वेगळी वायर जोडावी लागते; फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे कार्ड ७० वॅटमध्ये चालते. मदरबोर्डावरील ज्या खाचेत ग्राफिक्स कार्ड बसते, ती खाच स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट पुरवू शकते. आपल्यासारख्या कार्यालयीन संगणकांच्या पॉवर सप्लायला कार्डासाठीची वेगळी वायर बहुधा नसते, आणि त्याच्या जोडण्याही कंपनीच्या खास असल्यामुळे तो बदलणे सोपे नसते. म्हणून आपल्यासाठी ७५ वॅट हीच मर्यादा धरून चालावे. ८ जीबीचे कार्ड अधिक वेगवान आहे हे खरे, पण आपल्या पेटीत ते चालणार नाही. चौथ्या पिढीचे बहुतेक आय-५ प्रोसेसर ८४ वॅटपर्यंत वीज घेतात. त्यात कार्डाचे ७० आणि डिस्क, पंखे वगैरेंचे थोडे मिळवले, तरी २५५ वॅटमध्ये हे सर्व व्यवस्थित बसते.

आता खरी अडचण जागेची आहे. अरुंद कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही, त्यासाठी लो प्रोफाइल म्हणजे अर्ध्या उंचीचे कार्ड घ्यावे लागते. ३०५० ची ६ जीबीची लो प्रोफाइल आवृत्ती मिळते, पण ती जाडीला दोन खाचांची जागा घेते. आणि काही कार्यालयीन संगणकांत मुख्य खाच पॉवर सप्लायला इतकी खेटून असते की एका खाचेपेक्षा जाड कार्ड आत जातच नाही. कॅबिनेट उघडून मोकळी जागा पट्टीने मोजावी, एवढेच नव्हे तर शक्य असल्यास संगणकच दुकानात नेऊन कार्ड लावून, चालू करून पाहावे. जुन्या मदरबोर्डावर नवे कार्ड लावल्यावर पडदा काळाच राहण्याचे प्रकार घडतात आणि कधीकधी बायॉस (संगणक सुरू करणारे मदरबोर्डावरील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा लागतो. ही तपासणी पैसे देण्यापूर्वी झालेली बरी.

दोन खाचांची जागा नसेल, तर आरएक्स ६४०० हा पर्याय उरतो. ते ५३ वॅटमध्ये चालते आणि एका खाचेत मावणाऱ्या अर्ध्या उंचीच्या आवृत्तीत मिळते. त्यात दोन उणिवा आहेत. मदरबोर्डाशी माहितीची ये-जा ते केवळ चार मार्गिकांनी करते, त्यामुळे पीसीआय एक्स्प्रेस ३.० ही जुनी, कमी वेगाची जोडणी असलेल्या आपल्या बोर्डावर, विशेषतः खेळाला कार्डावरील ४ जीबीपेक्षा अधिक मेमरी लागू लागली की, त्याचा वेग उतरतो. शिवाय खेळाचे चित्रण करून साठवण्यासाठी लागणारी स्वतंत्र सोय त्यात नाही. मुलीचे दोन्ही खेळ मध्यम सेटिंगवर खेळण्यास मात्र ते पुरेसे आहे. इंटेलचे आर्क ए३८० किमतीमुळे कोणी सुचवील, पण ‘रीसाइझेबल बार’ ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सुविधा नसलेल्या जुन्या संगणकावर ते फार मागे पडते, म्हणून आपण त्याच्या वाटेला जाऊ नये.

कार्डाआधी एक खर्च करावा असे मी आग्रहाने सांगेन. ८ जीबीची आणखी एक डीडीआर३ रॅम घ्या. जुन्या बाजारात ती थोडक्या पैशांत मिळते आणि जीटीए ५ मधील अडखळणे केवळ तिनेही बरेच कमी होते. मॉनिटरसाठी एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा अडॅप्टर लागेल, कारण नव्या कार्डांना व्हीजीए जोडणी नसते; तो घेताना संकेताचे रूपांतर करणारा आहे ना, हे विचारून घ्यावे, नुसती वायर चालत नाही. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डालाच जोडायची, मदरबोर्डाला नाही. ही चूक इतकी सर्रास होते की नवे कार्ड घेऊनही कित्येकांचे खेळ जुन्याच अंगभूत ग्राफिक्सवर चालू असतात.

या संगणकावर याहून अधिक खर्च करू नये. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथ्या पिढीचे प्रोसेसर नाहीत. पुढे नवा संगणक घ्याल, तेव्हा ३०५० काढून त्यात बसवता येईल, हाही त्या कार्डाच्या बाजूचा एक मुद्दा आहे. बिलावर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि वॉरंटीचे काम गोव्यातच होईल की कार्ड बाहेर पाठवावे लागेल, हे आधी विचारा.

प्रश्न : वापरलेले आरएक्स ५८० कार्ड मला स्वस्तात मिळत आहे. ते आभासी चलनाच्या मायनिंगसाठी (सतत गणिते सोडवून चलन मिळवण्यासाठी) वापरलेले असेल अशी शंका आहे. घ्यावे का? माझ्या संगणकात ५०० वॅटचा पॉवर सप्लाय आहे.
— एक वाचक, वास्को

उत्तर : सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची गरजच न उरणारी पद्धत स्वीकारल्यावर त्यासाठी राबणारी असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली, तेव्हा आपली शंका रास्त आहे. केवळ मायनिंग झाले म्हणून कार्ड बाद होत नाही, परंतु त्याचे पंखे आणि चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बहुधा झिजलेले, वाळलेले असतात. नावही नीट वाचा. ‘५८० २०४८ एसपी’ असे लिहिलेले असेल, तर ते प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचे कार्ड आहे. एसपी म्हणजे कार्डातील गणना करणारे छोटे घटक; अस्सल ५८० मध्ये ही संख्या २३०४ असते. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवले की ती दिसते.

या कार्डाला १८५ वॅट लागतात. पॉवर सप्लाय नावाजलेल्या कंपनीचा असेल तर ५०० वॅट पुरे. किनाऱ्यालगतच्या गावांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खारी, दमट हवा धातूला खाते, म्हणून कार्डाच्या सोनेरी पट्टीवर आणि जोडण्यांवर हिरवट किंवा पांढरा थर असेल, स्क्रू गंजलेले असतील, तर कितीही स्वस्त असले तरी ते परत करा. बाहेरून स्वच्छ दिसले, तर विक्रेत्यासमोर फरमार्क हे कार्डावर पूर्ण ताण देणारे चाचणी सॉफ्टवेअर पंधरा मिनिटे चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज पाहा. तापमान ८५ अंशांपलीकडे चढत राहिले किंवा पडद्यावर रंगीत ठिपके उमटले, तर व्यवहार करू नका. त्याच पैशांत थोडी भर घालून वापरलेले आरएक्स ६६०० मिळत असेल, तर मी तेच घेईन. ते १३२ वॅटमध्ये चालते आणि ५८० पेक्षा बरेच वेगवान आहे. ५८० च्या पिढीला २०२३ च्या अखेरीपासून ती बनवणारी कंपनी एएमडी केवळ अत्यावश्यक सुधारणा देत आहे.