लष्कराच्या भाकऱ्या आणि घरचे भुकेले

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. ते हाताने आणि देवनागरीत लिहिलेले असल्यामुळे मजकूर वाचण्यापूर्वीच त्यांनी माझे निम्मे मन जिंकले होते, हे आधीच कबूल करते. पत्रात पाच प्रश्न आहेत. त्यांपैकी एकालाच मी आज बहुतेक सारी जागा देणार आहे. उरलेल्यांची बोळवण शेवटी दोन-दोन ओळींत होईल, त्याबद्दल त्यांनी रागावू नये.

त्या लिहितात: “दर रविवारी सकाळी मी आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत २२ मुलांना शिकवते. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सार्वजनिक ग्रंथालयात प्रौढांना इंग्रजी वाचायला शिकवते. सध्या माझ्याकडे येणारे गृहस्थ ५२ वर्षांचे आहेत. इथेच जन्मले, इथल्याच शाळेत गेले, तरीही औषधाच्या बाटलीवरची सूचना त्यांना वाचता येत नाही. मागच्या गुरुवारी घरी परतले तेव्हा माझा ११ वर्षांचा मुलगा जागा होता. तो म्हणाला, ‘आई, तू सगळ्या जगाला वाचायला शिकवतेस. मला शेवटचं कधी वाचून दाखवलंस?’ सासूबाई तर व्हिडिओ कॉलवर स्पष्टच म्हणाल्या, ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची पद्धत आमच्या घरात नव्हती.’ मी हे सारे सोडून द्यावे का?”

सोडू नका. मात्र तुमचा मुलगा जे बोलला ते खरे आहे, आणि सासूबाईंचे बोलणे तुम्हाला जितके लागले तितके मुलाचे लागलेले दिसत नाही. सासूबाईंच्या एका वाक्यावर तुम्ही दीड पान लिहिले आहे आणि मुलाच्या प्रश्नावर तीन ओळी. दुसऱ्या पानावर तुम्ही सहज नोंदवले आहे की, “आईच्या वर्गात मुले लाडावतात म्हणून त्याला मी दुसऱ्या शिक्षिकेच्या वर्गात घातले आहे.” मंगळवारी आणि गुरुवारी तो घरी आयपॅडबरोबर बसतो, हेही तिथेच आहे. म्हणजे आठवड्यातून तीनदा तुम्ही जे काम अगदी जीव लावून करता, त्याच्या दारापर्यंतसुद्धा त्या मुलाला तुम्ही येऊ दिलेले नाही. मग त्याने काय समजावे? आई कुठेतरी जाते, तिथून थकून येते आणि येताना दुसऱ्यांच्याच गोष्टी घेऊन येते, एवढेच त्याला दिसते.

या सदराच्या जुन्या वाचकांना पुढे काय येणार हे ठाऊक आहे, आणि माझी मुलगी हे ऐकून “आईचं पुन्हा सुरू झालं” असे म्हणणार हे मलाही ठाऊक आहे. मुलांना आपल्या कामात घ्या. त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढण्याचा सल्ला सगळेच देतात, तो चांगलाही आहे. पण जे काम आपल्याला त्यांच्यापासून दूर नेते, त्यातच त्यांना वाटा दिला नाही, तर त्या वेगळ्या वेळेत मूल मनातल्या मनात हिशेबच करत बसते.

हे मी माझ्या आईकडून शिकले, तेही तिच्यावर रुसून. सातारा जिल्ह्यात १९५९ साली प्रौढांना साक्षर करण्याची ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि दोनेक वर्षांत ती आमच्या गावात पोहोचली. माझी आई मराठी सातवी, म्हणजे त्या काळची व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झालेली होती, त्यामुळे बायकांचा वर्ग आपोआप तिच्या गळ्यात पडला. रात्रीची जेवणे उरकली की ती कंदील घेऊन विठ्ठलमंदिराच्या मंडपात जात असे आणि मी अर्धवट विंचरलेले केस घेऊन दारात बसून राहत असे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. एका रात्री मी इतकी रडले की तिने मला बरोबर नेले, तर वर्गातल्या बायकाच म्हणाल्या, “हिला बाहेर बसवा.” चौथीतल्या मुलीला वाचता येते आणि आपल्याला येत नाही, याची त्यांना लाज वाटत होती. मी बाहेर पायरीवर बसले आणि घरी येईपर्यंत आईशी बोलले नाही.

आमच्या गावातील निम्मे कर्ते पुरुष तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत होते. त्यांची पोस्टकार्डे येत, आणि पोस्टमन ती त्यांच्या बायकांना वाचून दाखवी, त्यामुळे कोणाच्या घरात काय चालले आहे हे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलेले असे. त्या रात्रीनंतर काही दिवसांनी वर्गातल्याच एका वहिनींनी मला परसात गाठले, पदराखालून पोस्टकार्ड काढले आणि “कुणाला सांगायचं नाही” अशी शपथ घालून ते वाचायला लावले. मजकूर चार ओळींचा होता. लुगड्याचे पैसे दिवाळीला पाठवतो, खोकला आता कमी आहे, काळजी नसावी. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतले, आणि तिसऱ्या वेळी ‘खोकला’ या शब्दावर स्वतःच बोट ठेवले, कारण त्या आठवड्यात आईने ‘ख’ शिकवला होता. आई रोज रात्री कुठे आणि कशासाठी जाते, हे मला त्या परसात कळले. दुसऱ्या दिवसापासून पाट्या पुसणे आणि पेन्सिलींचे तुकडे वाटणे ही माझी कामे झाली, आणि बायकांनीही मग मला बाहेर बसवले नाही. गाव साक्षर झाले की त्या मोहिमेत ग्रामगौरव समारंभ होत असे. आमच्या समारंभात त्याच वहिनींनी पाहुण्यांसमोर फळ्यावर स्वतःचे नाव लिहिले आणि फडके घेऊन पुढे आलेल्या गुरुजींना “राहू द्या की जरा” असे सुनावले.

आता माझ्या चुकीकडे येते. १९७८ मध्ये मी या देशात आले आणि १९८६ मध्ये एका चर्चच्या तळघरात नऊ मुलांचा मराठी वर्ग सुरू केला. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. “आईच्या वर्गात मुले लाडावतात” हे तुमचे वाक्य, ताई, शब्दशः माझे आहे. मी तिला त्या वर्गापासून दूर ठेवले, घरी शिकवीन म्हटले आणि घरी आल्यावर थकून झोपले. आज ती ४६ वर्षांची आहे. तिचे मराठी बोलणे गोड आहे, पण तिला देवनागरी वाचता येत नाही. माझ्या आईने तिच्या नावाने साताऱ्याहून पाठवलेल्या निळ्या एरोग्रामचा डबा तिने जपून ठेवला आहे. अधूनमधून ती एका पत्राचा फोटो मला पाठवते आणि मी ते वाचून, आवाज ध्वनिमुद्रित करून तिला परत पाठवते. प्रत्येक पत्र ‘चि.’ने सुरू होते. ‘चि.’ म्हणजे काय, हे तिने मला गेल्या वर्षी विचारले.

आपल्याकडे श्रद्धांजलीच्या सभांमध्ये ‘प्रेमळ माता आणि निःस्वार्थ कार्यकर्ती’ असे एका दमात म्हणण्याची पद्धत आहे. मी अशा वेळी नेहमी पहिल्या रांगेत बसलेल्या मुलांच्या चेहऱ्याकडे पाहते.

तुम्ही करता ते काम या देशात ज्या बाईने उभे केले, त्या रूथ कॉल्विन याही दोन मुलांच्या आई आणि गृहिणी होत्या. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस शहरात आणि परिसरात ११ हजारांहून अधिक माणसांना कामापुरतेही वाचता येत नाही, हे जनगणनेच्या आकड्यांवरून त्यांच्या लक्षात आले आणि १९६२ मध्ये त्यांनी घराच्या तळघरातून स्वयंसेवकांची संस्था सुरू केली. २००६ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळाले, आणि २०२४ मध्ये वयाच्या १०७ व्या वर्षी त्या वारल्या. सासूबाईंना हे जरूर सांगा. त्यांना परकीय उदाहरण पटणार नसेल, तर सावित्रीबाई आहेतच. १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाईंना आपण फोटोला हार घालण्यापुरते आठवतो आणि त्यांचा दत्तक मुलगा यशवंत याला विसरतो. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णांची सेवा चालली होती, तेव्हा डॉक्टर झालेला यशवंत त्याच कामात आईबरोबर होता. त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. लष्कराच्या भाकऱ्या म्हणायच्या तर त्याही लष्कराच्याच, पण त्या भाजायला मुलगा शेजारी बसलेला होता.

तर आता करायचे काय? ग्रंथालयात तुम्ही वापरत असाल अशी एक पद्धत आहे. शिकणाऱ्याने स्वतःच्या आयुष्यातले चार वाक्यांचे काहीतरी सांगायचे, शिकवणाऱ्याने ते जसेच्या तसे लिहून घ्यायचे, मग शब्दाखाली बोट फिरवत दोघांनी मिळून वाचायचे आणि शेवटी शिकणाऱ्याने एकट्याने वाचायचे. मोठ्या माणसाला बालवाडीचे पुस्तक दिले की त्याचा अपमान होतो, पण स्वतःचेच बोलणे कागदावर दिसले की तो ते वाचायला धडपडतो, कारण पुढे कोणता शब्द येणार हे त्याला आधीच माहीत असते. हीच पद्धत सोमवारी आणि बुधवारी, झोपण्यापूर्वी वीस मिनिटे, देवनागरीत तुमच्या मुलाबरोबर वापरा. तो “मी फ्रिज ओपन केला आणि बाबाने पोळी करपवली” असे म्हणाला तर अगदी तेच लिहा. ‘उघडला’ असे सुधारायचा मोह होईल, तो आवरा. दुसऱ्या दिवशी त्या वाक्याच्या पट्ट्या कापून शब्द विस्कटून द्या आणि त्याला पुन्हा जुळवू द्या. तिसऱ्या दिवशी त्याने ते वहीत उतरवावे. त्यानंतर तुम्ही त्याला गोष्ट वाचून दाखवायची, आणि ती भरपाई म्हणून नव्हे तर रोजची. महिन्याभरात त्याच्याकडे त्याने स्वतः सांगितलेल्या गोष्टींची एक वही तयार असेल, आणि जोडाक्षरे त्याने तुमच्या रविवारच्या वर्गापेक्षा लवकर ओळखलेली असतील.

रविवारी त्याला तुमच्या वर्गात आणा, पण विद्यार्थी म्हणून नव्हे, तर सर्वांत लहान मुलांचा मदतनीस म्हणून. अक्षरांचा तक्ता त्याच्या ताब्यात द्या. आपण अजूनही ‘ऐ ऐरणीचा’ आणि ‘उ उखळाचा’ शिकवतो. इथे जन्मलेल्या मुलांनी ऐरण पाहिलेली नाही आणि उखळ पाहिलेले नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी किती जणांनी ऐरण पाहिली आहे? ‘ऐ’साठी नवा शब्द आणि त्याचे चित्र शोधण्याचे काम ११ वर्षांच्या मुलाला द्या, आठवडाभर ते पुरेल.

ग्रंथालयात मात्र सावध राहा. ५२ वर्षांच्या गृहस्थांच्या टेबलाजवळ त्याला नेऊ नका, त्यांनी परवानगी दिली तरीही नाही. विठ्ठलमंदिरातल्या बायकांची लाज मी विसरलेले नाही. मंगळवारी त्याला बरोबर घेऊन जा, मुलांच्या विभागात त्याचा गृहपाठ त्याला करू द्या आणि परतताना गाडीत, नाव-गाव न सांगता, त्या दिवशी काय झाले तेवढे सांगा: एका माणसाने आज औषधाच्या बाटलीवरचे ‘दिवसातून दोनदा’ स्वतः वाचले. अशी एक बातमी कळल्यावर तो पुढच्या मंगळवारी तुमच्या आधी गाडीत जाऊन बसेल, असे माझा अनुभव सांगतो.

बाकीचे प्रश्न. मुलाला मराठी रोमन लिपीत लिहू द्यावे का? नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या गटावर आलेल्या अभिनंदनाच्या संदेशांपैकी निम्मे रोमन लिपीत होते, आणि मला त्या दिवशी आनंद नेमका कुठे ठेवावा ते कळेना. मंडळाच्या कार्यकारिणीत जावे का? अजिबात नको, तुमचे वार आधीच भरले आहेत. यजमान पेट्रोलच्या खर्चावरून कुरकुर करतात, तर मंगळवारचा स्वयंपाक त्यांच्याकडे द्या. पोळी करपली तरी वहीत एक वाक्य वाढेल.

सासूबाई नोव्हेंबरमध्ये सहा महिन्यांसाठी येत आहेत आणि त्यांच्याशी याविषयी कसे बोलावे, असे तुम्ही विचारता. वाद घालू नका. सोमवार-बुधवारची वीस मिनिटे त्यांच्या हवाली करा. नातवाने विचारायचे, त्यांनी लहानपणीचे चार वाक्यांचे सांगायचे आणि लिहायचे नातवानेच. अडला तर त्या सांगतील, आणि सांगता सांगता त्याही वर्ग घेऊ लागल्या आहेत हे त्यांच्या लक्षात येण्याची गरज नाही. त्या वहीतले एखादे पान फोटो काढून मला पाठवा. फ्रिज ‘ओपन’ केलेला असला तरी चालेल.