संघटनेत नवा आलास, म्हणून सांगतो

डाळमिल टाकलीस, संघटनेची पावती फाडलीस, छान केलंस. पण लगेच कार्डं वाटत फिरू नकोस. लातूरच्या बाजारात माणूस शब्दावरून ओळखतात. बैठकीला वेळेवर ये, सतरंज्या उचलायलाही हात लाव. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आम्ही टँकरच्या रांगेत घागरी धरून उभे होतो. तिथं जोडलेली माणसं आजही एका फोनवर धावून येतात.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी कर, फुकट होते. तुझ्यासारख्या लहान उद्योगाचे पैसे माल घेणाऱ्याला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, नसेल तर १५. पुढच्या बैठकीला उधारीची वही आण, सोबत बसून बघू.