चहापानाचे डोहाळजेवण घरी करताना: हॉलच्या भरवशावर राहू नका

आपण लिहिले आहे की वहिनींना सातवा महिना लागतो आहे, दुपारच्या चहाबरोबरचे सगळे पदार्थ घरीच करायचे ठरले आहे, ठाण्यातील दोन खोल्यांच्या घरात पंचवीस जणी मावतील की नाही अशी शंका आहे आणि सोसायटीच्या हॉलविषयी कार्यालयातून ‘होऊन जाईल’ एवढेच उत्तर मिळाले आहे. हे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. हिरवी साडी, हिरवा चुडा, ओटीचे साहित्य हे आपल्याकडे माहीत असणारच. त्यात शिरत नाही.

माझ्या धाकट्या जावेच्या डोहाळजेवणाच्या वेळी आमच्याही सोसायटीच्या कार्यालयाने हेच शब्द वापरले होते. अनामत रक्कम घेतली, पावतीवर तारीख घातली आणि कार्यक्रम तोंडावर आल्यावर कळवले की हा ‘धार्मिक’ कार्यक्रम असल्याने सचिवांची लेखी परवानगी लागेल. सचिव त्या वेळी परगावी होते. असा नियम कोठे लिहिला आहे हे दाखवा म्हटले तर तो कोणालाच दाखवता आला नाही. घरीच करतो, निदान खुर्च्या द्या, अशी विनंती केली तेव्हा हॉलच्या खुर्च्या हॉलबाहेर जात नाहीत असे सांगण्यात आले. तेवढेही सोसले असते. परंतु त्याच दुपारी लिफ्ट देखभालीसाठी बंद राहणार होती, हे त्या कार्यालयाला आधीपासून ठाऊक असूनही त्याची सूचना फलकावर लागली ती त्या दिवशी सकाळी. जावेच्या आजींना गुडघ्यांमुळे चार मजले चढणे शक्य नव्हते. त्यांनी नारळ, खण आणि पदराखाली झाकून आणलेला ओल्या नारळाच्या करंज्यांचा डबा माझ्या हाती दिला आणि त्या खालूनच परत गेल्या. अनामत रक्कम पुढे पाठपुरावा करून मिळाली. आजींच्या हातून ओटी भरायची राहिली ती राहिलीच. आजही त्या कार्यालयासमोरून जाताना मला संताप येतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की आजच कार्यालयाला ईमेल करून तीन गोष्टी विचाराव्यात: त्या तारखेला हॉल नक्की आहे का, लिफ्टचे काम आहे का आणि पाण्याच्या टाकीची सफाई आहे का. आठवड्यात लेखी उत्तर आले नाही तर हॉल नाही असे धरून चालावे आणि खुर्च्या बाहेरून भाड्याने सांगून ठेवाव्यात. प्रत्येक सोसायटीचे उपविधी वेगळे असतात आणि मी कायद्याची जाणकार नाही, पण तोंडी आश्वासनावर पाहुण्यांना बोलावू नये, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पाहुण्यांची नावेही सुरक्षारक्षकांकडे आदल्या दिवशी द्यावीत, नाहीतर चहा उकळत असताना गेटवरून दर दोन मिनिटांनी फोन येत राहतो.

जागेचे म्हणाल तर पंचवीस जणी एकदम बोलावूच नका. माहेर-सासरच्या वडीलधाऱ्या साडेतीनला आणि शेजारणी-मैत्रिणी साडेपाचला, अशा दोन पंगती कराव्यात आणि मध्ये वहिनींना अर्धा तास आडवे होऊ द्यावे. पाटावर बसवण्याचा आग्रह कोणी धरला तर ठाम नकार द्यावा. पाठीला टेकू असलेली खुर्ची आणि पायाखाली छोटा स्टूल हवा, कारण या दिवसांत पायांना सूज येते.

पदार्थ ठरवण्यापूर्वी वहिनींच्या साखरेच्या तपासणीचा निकाल विचारून घ्यावा. ही तपासणी साधारणपणे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान होते, म्हणजे डोहाळजेवणाच्या जरा आधीच, आणि साखर वाढलेली निघाली असेल तर समोर गोडाची ताटे मांडून ‘एक घास तरी घे’ म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. सुरळीच्या वड्या, वाफवून परतलेली कोथिंबीर वडी, काकडीचे सँडविच हे पदार्थ चहाबरोबर उत्तम लागतात. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी त्या पिळून घ्याव्यात, पावाला आधी लोणी आणि मग चटणी लावावी, आणि तयार सँडविच ओल्या मलमलच्या कापडाखाली झाकून ठेवावेत. मग पाव भिजत नाही आणि कडाही सुकत नाहीत. मोड आलेली कच्ची कडधान्ये मात्र टाळावीत. खाणे दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नये, म्हणूनही दोन पंगती सोयीच्या पडतात.

वीस छोट्या कपांसाठी १ लिटर दूध, सव्वा लिटर पाणी आणि सुमारे ५० ग्रॅम चहा पावडर पुरते. आले पाण्यातच चांगले उकळावे, दुधात कच्चे टाकू नये. गुळाचा चहा करणार असाल तर गॅस बंद केल्यावर गूळ घालावा, नाहीतर ऐन वेळी चहा नासतो. वहिनींनी एखादा कप घ्यायला सहसा हरकत नसते, पण लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नये, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते. हे सर्वसाधारण सांगते आहे; त्यांच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा.

पेढा-बर्फीचा खेळ, म्हणजे झाकलेल्या वाटीखाली पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी असे मानण्याचा, माझ्या मते वगळावा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, १९९४ मध्ये तो देशासाठी झाला, आणि तरीही वाटीखाली पेढा निघाला की टाळ्यांचा आवाज वाढतो, हे ती होणारी आई ऐकत असते. त्याऐवजी डोहाळ्यांची गाणी म्हणावीत. ओटी भरायला विधवा काकू, मूल नसलेली मैत्रीण, घरकामाच्या मावशी, सगळ्यांना त्याच मानाने बोलवावे. वडीलधाऱ्यांची यावर वेगळी मते असतील याची मला जाणीव आहे, परंतु हा विषय आदल्या दिवशी घरात बोलून मिटवावा, म्हणजे भरल्या घरात कोणाला मागे सरकावे लागणार नाही.

फुलांचे दागिने सांगण्यापूर्वी वहिनींना कोणता वास सोसतो हे विचारावे. निशिगंधाच्या उग्र वासाने अनेकींना मळमळते. शेवंती सौम्य असते. दागिने दुपारी दोनपर्यंत हाती येतील असे सांगावे, आणि ते आल्यावर पाणी शिंपडून, झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत. त्यासाठी तो कप्पा सकाळीच रिकामा करून ठेवा.