कॅमेरा नेमका कुठे उभा होता?

प्रश्न : पहिल्या महायुद्धातल्या कॅमेरामनवर आम्ही लघुपट करतो आहोत. १९१६च्या ‘बॅटल ऑफ द सॉम’ या ब्रिटिश युद्ध-माहितीपटात खंदकातून वर चढून धावा करणारे सैनिक दिसतात. तो प्रसंग म्हणे रचलेला आहे. मग अख्खा माहितीपट खोटा मानायचा का? आणि बनाव ओळखायचा कसा?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अख्खा मुळीच नाही. जेफ्री मॅलिन्स आणि जे. बी. मॅकडॉवेल यांनी टिपलेलं बरंचसं चित्रण अस्सल आहे. खोट आहे ती मुख्यतः तुम्ही म्हणता त्याच दृश्यांत. नेमकी तीच पुढे शेकडो माहितीपटांत ‘खरं युद्ध’ म्हणून फिरली, हे दुर्दैव.

पारख करताना आधी विचारा : कॅमेरा कुठे होता? त्या दृश्यात तो खंदकाच्या काठालगत, सैनिकांच्या पाठीशी आहे. वजनदार कॅमेरा तिपाईवर, हँडल फिरवणारा माणूस त्याच्यामागे उभा. खऱ्या धाव्यात तो तिथे क्षणभर तरी टिकला असता का? मग बाकीचं पाहा. खंदक उथळ आहे, सैनिकांच्या पाठीवर धाव्याचं पुरेसं ओझं नाही. पुढच्या दृश्यात काटेरी तार जेमतेम घोट्याइतकी, आणि गोळी लागून ‘मेलेला’ एक शिपाई पडल्या पडल्या पायावर पाय टाकून घेतो!

आता अस्सल दृश्य बघा. १ जुलै १९१६, सकाळी ७ वाजून २० मिनिटं, फ्रान्समधल्या बोमाँ-आमेल गावाजवळ हॉथॉर्न टेकडीखालचा सुरुंग उडाला. मॅलिन्सने सुमारे अर्धा मिनिट आधीच हँडल फिरवायला सुरुवात केली होती. सुरुंग लांबला असता तर फिल्म संपून ऐन क्षण हुकला असता. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम), सेकंदाला चौकटीही १६. म्हणजे सेकंदाला एक फूट. ४०० फुटांचं रीळ पावणेसात मिनिटांत खलास. त्यानंतरच्या खऱ्या धाव्यात सैनिक दूरच्या उतारावर मुंग्यांएवढे दिसतात. प्रेक्षकाला ते फिकं वाटतं, म्हणूनच बनावाची गरज पडली असावी. प्रसंग रचला यापेक्षा तो रचल्याचं सांगितलं नाही, हा आमच्या मते मोठा दोष.

तुमच्या लघुपटात याचा उपयोग असा : कॅमेरामन ‘खरं’ टिपत असेल तेव्हा त्याला आडोसा द्या, कृती दूर ठेवा आणि काहीतरी हुकू द्या. रचलेल्या प्रसंगात मात्र कॅमेरा हवा तिथे उभा करा.

प्रश्न : जुन्या फिल्मसारखं दिसावं म्हणून ओरखडे टाकले, वेग वाढवला, तरी विनोदी वाटतं. काय चुकलं?
(तेच वाचक)

उत्तर : वेगच चुकला. १६ चौकटींची फिल्म २४च्या वेगाने चालवली की माणसं दीडपट भरभर चालतात. दर दुसरी चौकट दोनदा घ्या, म्हणजे १६च्या २४ होतील आणि चाल पूर्ववत येईल. हँडल फिरवणाऱ्या हाताचा वेग मात्र एकसारखा ठेवू नका. हँडलच्या एका फेऱ्यात ८ चौकटी, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. घाबरून हात मंदावला की पडद्यावरची हालचाल उलट वेगवान होते. एखाद-दुसऱ्या ठिकाणी हे जाणूनबुजून करा.

ओरखडे निम्म्याने कमी करा. त्याऐवजी रंगाकडे लक्ष द्या : तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसत नसे, त्यामुळे ओठ व उन्हाने रापलेले चेहरे काळपट आणि निळं आकाश पांढरंफटक येई. कृष्णधवल करताना लाल चॅनल (चित्रातला लाल रंगाचा भाग) जवळजवळ शून्यावर न्या, निळा वाढवा. झूम वापरू नका. आणि उजवा हात हँडलवर अडकलेला असल्याने कॅमेरा आडवा किंवा उभा वळवायला एकच डावा हात उरतो. दोन्ही दिशांना एकदम वळणारा शॉट दिसला की जाणकार लगेच हसेल.